फोडणी नको

रविवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे मंजिरी होती, माझी धाकटी बहीण.

"दादा, आईला दे. आजचा पदार्थ सांगायचाय."

"मला सांग की. मी खात नाही का?"

"खातोस रे, पण करत नाहीस. आईला दे."

आवाज लांबून येत होता, जणू ती रिसीव्हरपासून चार हात दूर उभी होती. लाइन खराब आहे, जरा मोठ्यानं बोल, असं सांगून मी फोन आईकडे दिला.

"बोल गं," आई म्हणाली. "कोळाचे पोहे? म्हणजे चिंचेचा कोळ... हं. नारळाचा रस, गूळ. मिरची वाटून? चुरडून. बरं. आणि वरून फोडणी कसली? जिऱ्याची?" ती थांबली. "नको? अगं, नुसती हिंगाची तरी... बरं बाई, नको तर नको."

फोन ठेवून आई मला म्हणाली, "पोरगी पुरती कोकणी झाली बघ. फोडणीसुद्धा सुटली तिची."

हा दर रविवारचा रिवाज होता. मंजिरीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही सोलापूरचे. तिचं सासर राजापूरपासून आत, नांदणखोल नावाच्या देवस्थानाच्या गावात. तिथल्या शंकराच्या देवळाची पूजा तिच्या सासरी, खांबेट्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. इतक्या लांब मुलगी द्यायला आई बिचकत होती. निघताना तिनं मंजिरीला सांगितलं होतं, "दर आठवड्याला एक नवा पदार्थ कर आणि मला सांग. मी पण तो इथं करीन. तेवढंच एका पानावर जेवल्यासारखं होईल."

मंजिरीनं एकही रविवार चुकवला नाही. पहिल्या वर्षी आमच्या घरी सांदणं झाली, खापरोळ्या झाल्या, फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करायची म्हणून आईनं अख्खं मार्केट पालथं घातलं आणि शेवटी पत्ताकोबीवर भागवलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. आठवडाभर तोच पदार्थ पुरवून खायचो.

कोळाच्या पोह्यांच्या आधीच्या रविवारी दडपे पोहे झाले होते. त्याआधी डांगर. पोह्यांनंतरच्या रविवारी तिनं सोलकढी सांगितली. आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी आईला फोनवर हसताना ऐकलं.

"शिकरण? मंजू, शिकरण हा काय नवा पदार्थ आहे होय? तू पाच वर्षांची असताना करायचीस की." मग ऐकत राहिली. "वेलदोड्याऐवजी जायफळ? बरं. म्हणून नवा. हुशारच आहेस. ...आवाज का असा येतोय तुझा? झोपली होतीस?"

त्या आठवड्यात आम्ही शिकरण खाल्लं.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. रविवारची पुरवणी माझ्याकडे होती आणि तिचं शेवटचं पान शुक्रवारी दुपारी चारला जायचं. त्या पानावर पाककृतींची एक चौकट असे. ती लिहिणाऱ्या बाईंनी शुक्रवारी ऐनवेळी कळवलं, की त्यांच्याकडे पाहुणे आहेत, मजकूर होणार नाही.

"माढेकर," आमचे मोडकसाहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "चौकट रिकामी गेली तर तिथं तुमचा फोटो छापीन. कागद विकत येतो, कोरा सोडायचा नाही, भरा काहीतरी."

"घरून आणतो, साहेब."

"डब्यातून?"

"फोनवरून."

मी आईला फोन लावला आणि मंजिरीचे अलीकडचे पदार्थ एकेक करून सांग म्हणालो. आई सांगत गेली, मी लिहीत गेलो. पाककृती तपासायची माझी एक पद्धत होती. साहित्यात जे जे आहे ते कृतीत कुठंतरी यायला हवं, आणि कृतीतली क्रियापदं क्रमानं लागायला हवीत. यातलं काही राहिलं तर सोमवारी वाचकांचे फोन येत. मी क्रियापदांवर पेन्सिल फिरवत गेलो. भिजवा. चुरडा. पिळा. कालवा. दडपून ठेवा. सगळं ठीक होतं.

पाचही पदार्थांना मिळून एक मथळा हवा होता. पाचांत समान काय, ते शोधायचं आणि तोच मथळा करायचा, एवढं साधं काम. मी लिहिलं, "गॅस न पेटवता". मथळा चांगला होता, ओळीत बसत होता. मी तो मोडकसाहेबांना वाचून दाखवला.

"वा. उन्हाळ्याच्या तोंडावर बायका खूश होतील," ते म्हणाले.

पान गेलं. मग मी पुन्हा घरी फोन केला.

"आई, मंजूच्या घरी गॅस संपलाय का? किंवा काही बिघडलंय?"

"का रे?"

"गेले पाच रविवार तिनं एकही गोष्ट शिजवलेली नाही."

आई म्हणाली, "चूल आहे त्यांच्याकडे. दोन चुली आहेत. गॅसही आहे."

"मग?"

"फोडणीसुद्धा नको म्हणत होती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "श्रीपाद, तुला कसं सांगू... ती बाजूला असेल तर चुलीला हात लावता येत नाही. त्यांच्याकडे फार कडक आहे ते."

"बाजूला म्हणजे?"

"अरे, कावळा शिवला म्हणजे," ती घाईनं म्हणाली.

"ते किती दिवस असतं?"

"चार."

"हे पाच आठवडे झाले, आई."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वेगळा झाला. "तू घरी ये. आधी तिकडे फोन लाव. मला बोलू दे."

मी घरी पोचेपर्यंत तिनं स्वतःच फोन लावला होता. मंजिरीच्या सासूबाई, खांबेटेकाकू, पलीकडे होत्या. आईनं रिसीव्हर माझ्या कानाजवळ तिरका धरला.

"मंजिरी ना? आहे की, बरी आहे," काकू म्हणत होत्या. "बाजूला आहे ती सध्या."

"कधीपासून?"

"असतं हो एकेकीचं लांबत. मध्ये एकदा थांबलं होतं. आम्हाला वाटलं, आता चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेईल आणि येईल आत. तर तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"अहो, दुखणं थोडंच आहे ते? ताप नाही, खोकला नाही. आणि न्यायचं कुणी, तुम्हीच सांगा. शिवरात्रीचा उत्सव तोंडावर आलाय. आमच्या अनंताकडे, तुमच्या जावयाकडे पूजा आहे, तो सोवळ्यात. हे पण सोवळ्यात. मी देवाचा स्वयंपाक करते. आमच्यापैकी कुणीही तिला शिवलं तर पूजा अडते. उत्सव झाला, की नेऊच." मग त्या मायेनं म्हणाल्या, "तिला काही कमी नाही हो. ताट वेळेवर असतं. काय मागेल ते देतो. पोहे मागते, नारळ मागते, देतो."

आईनं रिसीव्हर ठेवला. देव्हाऱ्यापुढच्या डब्यातले होते तेवढे पैसे पाकिटात घातले आणि चपला घातल्या.

आम्ही मिळेल त्या गाडीनं कोल्हापूरला गेलो, तिथून घाट उतरून राजापूरला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षानं नांदणखोलला. रिक्षावाल्याला मी थांबायला सांगितलं. खांबेट्यांच्या अंगणात मांडव घातला होता. ओटीवर मंजिरीचे सासरे, अप्पा, झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या हाताशी तिपाईवर फोन होता, स्पीकरचं बटण असलेला. ओटीची अंगणाकडची पायरी तिथून चार हातांवर. मंजिरी त्या पायरीखाली उभी राहून बोलत असणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. रविवारी ऐकू आलेला तो लांबचा आवाज लाइनचा नव्हता.

"या या," अप्पा म्हणाले. "न कळवता आलात. उत्सवाला आलात होय? बरं केलंत."

"मंजूला न्यायला आलोय," आई म्हणाली.

"आधी पाणी घ्या."

"ती कुठं आहे?"

काकू आतून आल्या. सोवळं नेसल्या होत्या, म्हणून अंतर राखून उभ्या राहिल्या. त्यांनी मागं हात दाखवला. "मागच्या पडवीत. घराला वळसा घालून जा. मधून नको."

मागच्या पडवीला एका बाजूनं कुडाची भिंत होती. आत एक चटई, कांबळं, पाण्याचा तांब्या, एक ताट आणि एक वाडगा. एका कोपऱ्यात दोरीवर लुगड्याचे फाटके तुकडे वाळत घातले होते. मंजिरी भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून हसली.

"दादा, शिवू नकोस हं. आंघोळ करावी लागेल. इथं विहिरीचं पाणी फार गार असतं."

आईनं तिच्या शेजारी बसकण मारली आणि तिचा हात हातात घेतला. मग तो उलटा करून माझ्यापुढे धरला. नखं कागदासारखी पांढरी होती.

"अगं, सांगायचं नाहीस?" आई म्हणाली.

"कसं सांगू? अप्पा तिथंच असायचे. फोन दादा उचलायचा." ती मध्ये श्वास घ्यायला थांबत होती. "आणि काय सांगायचं? मला वाटायचं, उद्या थांबेल. त्यांना पण तसंच वाटायचं. रोज सकाळी इथल्या आई विचारायच्या, थांबलं का? मी म्हणायचे, हो, थांबलंय बहुतेक. मग दिवस मोजायला लागायचो आम्ही."

"आणि ते पदार्थ?"

"जेवण मिळायचं की. पण ते त्यांचं असायचं. नवा पदार्थ माझा हवा ना? म्हणून जे कच्चं मिळेल ते मागून घ्यायचे." तिनं वाडग्याकडे पाहिलं. "शिकरण चांगलं झालं होतं का? तुमच्याकडे जायफळ होतं?"

"मुद्दाम सांगत होतीस का तू तसं? आम्हाला कळावं म्हणून?" मी विचारलं.

"मी करत होते तेच सांगत होते, दादा."

"चल, ऊठ," आई म्हणाली. "खाली रिक्षा उभी आहे."

मंजिरी उठली नाही. "उत्सव परवा संपतो. मधेच गेले तर आईंना सगळ्या गावाला सांगावं लागेल, का गेले ते."

"सांगू दे."

"तुला नाही कळायचं. मला परत इथंच यायचंय."

आई माझ्याकडे वळली. "उचल तिला."

मी वाकलो. मंजिरीला वजन असं उरलंच नव्हतं. पडवीतून माजघराचं दार उघडं दिसत होतं. माजघर, ओटी, अंगण, रिक्षा: सरळ वाट होती. विहिरीकडून वळसा घालायचा तर पोफळीच्या बागेतून पायऱ्या उतरून जावं लागत होतं. मी माजघराच्या दाराकडे निघालो. काकू आत उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांच्या मागं देवघर होतं, आणि परातीत नैवेद्य वाढून ठेवलेला होता.

"इकडून नको," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. विनवत होत्या. "तुमच्या पाया पडते. एवढा नैवेद्य होऊ दे. दोन वर्षांत तुमच्या मुलीला मी एक वावगा शब्द बोलले नाही. विचारा तिला."

"आम्ही तिला पुढच्या दारानं आत पाठवली होती," आई म्हणाली. "पुढच्याच दारानं नेणार."

"दादा," मंजिरी माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "मागूनच जाऊ."

"मंजू, वाट लांब आहे."

"मागूनच. मला खाली ठेव. मी चालते."

मी आईकडे पाहिलं. आईनं मान फिरवली. मी मागं वळलो.

विहिरीशी अनंतराव होते, मंजिरीचे यजमान. नुकतीच आंघोळ झालेली, ओला पंचा, हातात पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी. आम्हाला पाहून ते रस्त्यातून बाजूला झाले आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत मागं सरले.

"मी येतो उत्सव झाला की," ते म्हणाले. मला की तिला, कळलं नाही.

मंजिरीनं मला पुन्हा खाली ठेवायला सांगितलं. नवऱ्यासमोर भावानं उचलून न्यावं, हे तिला नको होतं. मी ठेवलं. ती दोन पायऱ्या उतरली आणि तिसऱ्या पायरीवर बसल्यासारखी खाली गेली. तिचं डोकं दगडाला लागलं. आई मागून ओरडली. मी वर होतो, वाट अरुंद होती. मंजिरीच्या सर्वांत जवळ अनंतराव होते.

त्यांनी कळशी कठड्यावर ठेवली. मला वाटलं, ते येताहेत. ते एक पाऊल पुढं आलेही. मग देवळात घंटा वाजली. त्यांनी मंजिरीकडे पाहिलं, कळशी पुन्हा उचलली आणि बागेच्या कडेनं देवळाकडे चालत गेले. पाणी सांडू नये म्हणून सावकाश गेले.

मी आणि आईनं तिला रिक्षापर्यंत नेलं.

राजापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "चालत कशी आली ही?" रक्त रत्नागिरीहून मागवावं लागलं. गर्भाशयात गाठ होती. साधी होती, काढता येण्यासारखी. अजून आठवडा गेला असता तर काय झालं असतं, असं आईनं विचारलं. बाई आईला चहा घ्यायला बाहेर घेऊन गेल्या.

उत्सव संपला त्याच दिवशी अनंतराव दवाखान्यात आले. थेट खाटेवर बसले, मंजिरीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. रडत होते. "संपल्या संपल्या निघालो," असं तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. खोटं बोलत नव्हते. त्यांच्या कपाळावर अजून भस्म होतं. मंजिरी त्यांना म्हणाली, "जेवलात का?"

मी बाहेर गेलो.

गाठ काढल्यावर ती वर्षभर आमच्याकडे राहिली. परत जाताना तिनं एकच अट घातली: राहायचं राजापूरला, नांदणखोलला पाऊल टाकायचं नाही. अनंतरावांनी मानली. त्यांनी राजापूरला दुकान काढलं, पूजेची पाळी आली की ते एकटेच गावी जायचे. पुढं त्यांना मुलगी झाली, स्वानंदी. काकू राजापूरला येऊन नातीची सगळी दुखणी-खुपणी काढत, मंजिरीच्या हातचं आवडीनं जेवत. पडवीचा विषय कुणीच कधी काढला नाही. आई गेली तेव्हा काकू सोलापूरला आल्या होत्या, माझ्यापाशी बसून बराच वेळ रडल्या.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. स्वानंदी तेरा वर्षांची आहे. यंदा शिवरात्रीला तिनं आजीकडे उत्सव बघायला जाण्याचा हट्ट धरला. मंजिरी नको म्हणत होती. अनंतराव म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मी आहे ना बरोबर."

काल संध्याकाळी अनंतराव एकटेच परत आले. स्वानंदी कुठं आहे, असं मंजिरीनं विचारलं. "आई म्हणाली, तिला चार दिवस राहू दे," असं ते म्हणाले, आणि देवघरात दिवा लावायला गेले. मंजिरीनं नांदणखोलला फोन केला. काकूंनी उचलला, स्वानंदी फोनवर येऊ शकत नाही म्हणाल्या.

हे मला मंजिरीनं आज पहाटे राजापूरच्या स्टँडवरून सांगितलं. मागं कंडक्टरची घंटी वाजत होती, तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. ती पहिल्या गाडीनं नांदणखोलला निघाली आहे. अनंतराव तिच्याबरोबर आहेत की नाहीत, हे विचारायच्या आत फोन बंद झाला.